विद्याव्यासंगी राजा : तंजावरचे सरफोजी भोसले

प्रस्तावना

तमिळनाडूतील कुंभकोणम हे कावेरी आणि अरसलार या नद्यांमधल्या सुपीक भूमीत वसलेले प्राचीन नगर आहे. उंच गोपुरांची मंदिरे, दर बारा वर्षांनी भरणारा महामहम उत्सव आणि तांब्या-पितळेची भांडी यांसाठी ते प्रसिद्ध आहे. या नगरातील चक्रपाणी मंदिरात देवाची उपासना करणाऱ्या एका राजाची कांस्यमूर्ती आहे. हा राजा मराठी होता. चक्रपाणीच्या कृपेने त्याचा आजार बरा झाला, अशी तेथील भाविकांची श्रद्धा आहे. देवावर भक्ती असणाऱ्या या राजाने रोग आणि औषधे यांचा अभ्यासही जन्मभर केला. वैद्यक, वनस्पतिशास्त्र आणि त्या काळी नव्याने घडत असलेले रसायनशास्त्र यांचे ग्रंथ त्याने दूरदेशाहून मागवले आणि ते आत्मसात केले. तो राजा म्हणजे तंजावरचे दुसरे सरफोजी भोसले. प्रस्तुत पाठात आपण त्यांच्या जीवनाचा परिचय करून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• सरफोजी राजांच्या जीवनातील महत्त्वाच्या घटना क्रमाने सांगू शकाल;
• प्रतिकूल परिस्थितीतही विद्या कशी संपादन करता येते, हे स्पष्ट करू शकाल;
• रासायनिक अभिक्रिया आणि तिचे समीकरण यांचा अर्थ सोप्या उदाहरणाने सांगू शकाल.

मूळ पाठ

१. कावेरीकाठचे मराठी राज्य

छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी (एकोजी) यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर येथे भोसल्यांचे राज्य स्थापन केले. कुंभकोणम हे तंजावरपासून सुमारे ४० किलोमीटरवर असलेले नगर या राज्यात मोडत असे. महाराष्ट्रापासून इतक्या दूर आलेल्या या घराण्याने मराठी भाषा जपली आणि त्याचबरोबर तमिळ, तेलुगू व संस्कृत या भाषांनाही आश्रय दिला. राजवाड्यात चारही भाषांत ग्रंथरचना होत असे.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले कुळाच्या एका शाखेत झाला. त्या वेळी तंजावरच्या गादीवर तुळजाजी राजे होते. त्यांना वारस उरला नव्हता. १७८७ साली, मृत्यूच्या थोडेच दिवस आधी, त्यांनी सरफोजींना दत्तक घेतले. मुलाचे वय तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचे होते. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे जर्मन धर्मोपदेशक तंजावरात राहत असत. त्यांच्या सचोटीवर तुळजाजींचा विश्वास होता, म्हणून मुलाचा सांभाळ करण्याची विनंती त्यांनी श्वार्ट्झ यांना केली. तथापि राजघराण्यातील कोणी तरी हे दायित्व स्वीकारावे, असे श्वार्ट्झ यांचे मत पडले. अशा प्रकारे तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंग यांच्याकडे कारभार आला.

२. हिरावलेले बालपण

तुळजाजींच्या निधनानंतर दत्तकविधान शास्त्रसंमत आहे काय, असा प्रश्न उपस्थित करण्यात आला. विचारणा केलेल्या पंडितांनी ते अमान्य ठरवले आणि ईस्ट इंडिया कंपनीने अमरसिंगांनाच राजा म्हणून मान्यता दिली. गादीचा दुसरा दावेदार जिवंत असणे हे नव्या राजाला गैरसोयीचे होते. सरफोजींना एका बंदिस्त जागेत ठेवण्यात आले. तेथे पुरेसा उजेडही येत नसे. बाहेर जाण्याची मुभा नव्हती आणि शिक्षकही नव्हता. ज्या वयात मुले अक्षरे गिरवतात, पाढे म्हणतात, त्या वयात या मुलाला लेखन-वाचनापासून दूर ठेवले गेले. अशिक्षित राहिलेला वारस पुढे राज्य मागणार नाही, असाच हिशोब यामागे असावा.

ही वार्ता कळताच श्वार्ट्झ यांनी मद्रासच्या कंपनी सरकारकडे तक्रार केली. त्यांनी पाठपुरावा केल्याने मुलाची स्थिती सुधारली. तरीही तंजावरात त्याच्या जिवाला धोका होता. अखेरीस १७९३ साली सरफोजी आणि तुळजाजींच्या विधवा राण्या यांना मद्रासला हलवण्यात आले. त्या वेळी सरफोजी सोळाव्या वर्षात होते.

त्यांचे खरे शिक्षण येथे सुरू झाले. उशिरा सुरुवात झाली म्हणून ते मागे हटले नाहीत. त्यांनी इंग्रजी भाषा आत्मसात केली आणि पुढे अन्य युरोपीय भाषांचाही परिचय करून घेतला. गणित, भूगोल, इतिहास, निसर्गविज्ञान अशा विषयांची दारे त्यांच्यासाठी उघडली. हिरावून घेतलेली वर्षे परत मिळत नसतात, परंतु उरलेल्या वर्षांचा उपयोग कसा करावा हे आपल्या हाती असते, हे त्यांच्या पुढील आयुष्यावरून दिसून येते.

३. राजपद मिळाले, राज्य गेले

दरम्यान दत्तकाच्या प्रश्नावर अन्य पंडितांचे मत घेण्यात आले आणि ते सरफोजींच्या बाजूने पडले. कंपनीने आपला आधीचा निर्णय फिरवला. जून १७९८ मध्ये सरफोजी तंजावरच्या गादीवर बसले. ज्यांनी त्यांच्यासाठी इतके कष्ट घेतले ते श्वार्ट्झ मात्र हा सोहळा पाहू शकले नाहीत. त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले होते. पदच्युत झालेल्या अमरसिंगांनी कुंभकोणमजवळील तिरुविडैमरुदूर येथे आपले उर्वरित आयुष्य व्यतीत केले.

कंपनीने दिलेल्या या आधाराची किंमत लवकरच चुकवावी लागली. २५ ऑक्टोबर १७९९ रोजी झालेल्या तहान्वये राज्याचा सर्व कारभार कंपनीकडे गेला. कुंभकोणमसह संपूर्ण मुलखाचा महसूल कंपनी गोळा करू लागली. राजांकडे तंजावरचा किल्ला व त्याचा परिसर एवढाच अधिकार उरला. त्यांना दरसाल एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा मिळावा, असे ठरले. बावीस वर्षांचा हा तरुण नावाचाच राजा राहिला. त्याला सैन्य ठेवता येत नव्हते, कायदा करता येत नव्हता आणि तह करता येत नव्हता.

अशा स्थितीत अनेक संस्थानिकांनी आपले द्रव्य ऐषारामात उधळल्याची उदाहरणे इतिहासात आहेत. सरफोजींपुढेही तो मार्ग मोकळा होता. त्यांनी मिळणाऱ्या उत्पन्नातून ग्रंथ, शाळा, औषधालय, मुद्रणालय आणि अन्नछत्रे उभी केली. राज्य चालवण्याचा अधिकार गेला तरी प्रजेच्या उपयोगी पडण्याचा अधिकार कोणी काढून घेऊ शकत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

पाठगत प्रश्न १
(अ) सरफोजींना दत्तक कोणी व कोणत्या साली घेतले?
(आ) १७९९ च्या तहाने राजांचे कोणते अधिकार गेले?
(इ) अमरसिंगांनी उर्वरित आयुष्य कोठे व्यतीत केले?

४. शाळा, छत्रे आणि मुद्रणालय

तंजावरच्या मराठी राजांनी वाटसरूंसाठी ठिकठिकाणी छत्रे बांधली होती. रामेश्वरास जाणाऱ्या यात्रेकरूंना तेथे विनामूल्य भोजन व निवारा मिळे. सरफोजींनी ही परंपरा पुढे नेली. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र त्यांनी उभारले. छत्रांमध्ये भोजनाबरोबर आजाऱ्यांसाठी वैद्य आणि मुलांसाठी शिक्षकही असत. अनाथ मुलांचा सांभाळ तेथे होई आणि प्रसूत स्त्रियांची काळजी घेतली जाई. छत्रांचे अधिकार आपल्याकडेच राहावेत यासाठी राजांनी १८०१ साली कंपनीच्या प्रतिनिधीला सविस्तर पत्र लिहून त्यांचे कार्य समजावून दिले होते.

राजवाड्यात त्यांनी नवविद्यांची शाळा काढली. तेथे पारंपरिक शास्त्रांबरोबर युरोपातील नवीन शास्त्रेही शिकवली जात. १८०५ च्या सुमारास त्यांनी देवनागरी छपाईसाठी मुद्रणालय स्थापन केले. इसापच्या कथांचा सख्खण पंडितांनी केलेला मराठी अनुवाद बालबोध मुक्तावली या नावाने १८०६ मध्ये येथे छापला गेला. महाराष्ट्रात मराठी पुस्तकांची छपाई रुजण्याच्या कितीतरी आधी कावेरीच्या काठी हे काम झाले, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

राजे स्वतःही लेखक होते. देवेंद्र कुरवंजी हे त्यांचे मराठी नाटक वैशिष्ट्यपूर्ण आहे. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगत फिरणारी डोंगरी स्त्री. तमिळ नाट्यपरंपरेतील हे पात्र घेऊन राजांनी तिच्या मुखातून जगाचा भूगोल वदवला. रूक्ष वाटणारा विषय लोकांच्या ओळखीच्या नाट्यप्रकारातून शिकवण्याची ही युक्ती होती. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली त्यांनी भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. हा अतिशय विस्तृत शिलालेख आजही पाहता येतो.

५. धन्वंतरी महाल

आरोग्य हा राजांच्या विशेष आस्थेचा विषय होता. त्यांनी धन्वंतरी महाल नावाची संस्था चालवली. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा विविध पद्धतींचे जाणकार एकत्र काम करीत. औषधी वनस्पतींची बाग होती. औषधे तयार केली जात, त्यांचा गुण येतो की नाही हे पाहिले जाई आणि अनुभवाला उतरलेली योजना लिहून ठेवली जाई. या संग्रहातून तमिळ पद्यात रचलेले वैद्यकग्रंथ निर्माण झाले. ते राजांच्या शरभेंद्र या नावाने ओळखले जातात.

नेत्ररोगांवरील उपचारांच्या नोंदी याहून उल्लेखनीय आहेत. चाळीसहून अधिक रुग्णांची माहिती, त्यांच्या तक्रारी, केलेले उपचार आणि डोळ्यांची रंगीत चित्रे त्यांत आहेत. आजच्या रुग्णालयात प्रत्येक रुग्णाचा कागद ठेवला जातो, त्याच जातीचे हे काम सुमारे दोनशे वर्षांपूर्वी तंजावरात झाले. निरीक्षण करणे, नोंद ठेवणे आणि नोंदींवरून निष्कर्ष काढणे ही विज्ञानाची रीत राजांनी अंगी बाणवली होती.

६. नव्या रसायनशास्त्राची ओळख

राजांच्या दालनात वायुपंप, विद्युत निर्माण करणारे यंत्र, खगोलशास्त्राची उपकरणे आणि शरीररचना समजण्यासाठी हस्तिदंती सांगाडा अशा वस्तू होत्या. १८२६ च्या मार्च महिन्यात कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर तंजावरला आले. राजे लाव्हाझिये व फुरक्रोआ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांचे आणि लिनियस व ब्यूफाँ या निसर्गशास्त्रज्ञांचे दाखले सहज देतात, हे पाहून ते चकित झाले. ही आठवण त्यांनी पत्रात नमूद करून ठेवली आहे.

लाव्हाझिये आणि फुरक्रोआ यांनी असे कोणते काम केले होते? त्यापूर्वी वस्तू जळते तेव्हा तिच्यातून एक अदृश्य द्रव्य बाहेर पडते, अशी समजूत होती. लाव्हाझिये यांनी तराजूचा आधार घेतला. त्यांनी बंदिस्त उपकरणात पारा बारा दिवस तापवला. पाऱ्यावर लाल रंगाची भुकटी जमली आणि उपकरणातील हवा काही प्रमाणात कमी झाली. तीच लाल भुकटी अधिक तापवल्यावर पुन्हा पारा मिळाला आणि कमी झालेला वायूही परत मिळाला. तो वायू म्हणजे ऑक्सिजन. हवेतील ऑक्सिजनचा पाऱ्याशी संयोग झाला होता. ही क्रिया आपण अशी लिहितो :

पारा + ऑक्सिजन → मर्क्युरिक ऑक्साइड

बाणाच्या डावीकडील पदार्थांना अभिक्रियाकारक आणि उजवीकडील पदार्थाला उत्पादित म्हणतात. अशा मांडणीला रासायनिक समीकरण असे नाव आहे. आता अणूंचा हिशोब पाहू. ऑक्सिजनच्या एका रेणूत दोन अणू असतात. मर्क्युरिक ऑक्साइडच्या एका एककात मात्र पाऱ्याचा एक आणि ऑक्सिजनचा एकच अणू असतो. म्हणून ऑक्सिजनचा एक रेणू वापरला गेला तर पाऱ्याचे दोन अणू लागतात आणि मर्क्युरिक ऑक्साइडची दोन एकके तयार होतात :

पाऱ्याचे २ अणू + ऑक्सिजनचा १ रेणू → मर्क्युरिक ऑक्साइडची २ एकके

दोन्ही बाजूंना पाऱ्याचे दोन आणि ऑक्सिजनचे दोन अणू झाले. समीकरण संतुलित झाले. वजनातही हाच मेळ दिसतो. सुमारे ४०१ ग्रॅम पारा आणि ३२ ग्रॅम ऑक्सिजन यांच्या संयोगातून सुमारे ४३३ ग्रॅम मर्क्युरिक ऑक्साइड मिळते. अभिक्रियेत पदार्थाचे रूप पालटते, परंतु एकूण वस्तुमान तेवढेच राहते. यालाच द्रव्य अक्षय्यतेचा नियम म्हणतात. पाऱ्याची वाफ विषारी असल्याने हा प्रयोग घरी कधीही करू नये.

१७८७ साली, म्हणजे सरफोजी दत्तक गेले त्याच वर्षी, लाव्हाझिये, फुरक्रोआ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी रासायनिक पदार्थांना नवी, पद्धतशीर नावे देणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. नावावरूनच पदार्थ कशाचा बनला आहे हे कळावे, असा त्यांचा हेतू होता. ऑक्साइड, सल्फाइड यांसारखी आजची नावे त्याच परंपरेतली आहेत.

भारतीय रसशास्त्रालाही पारा आणि गंधक यांचा संयोग जुन्या काळापासून ठाऊक होता. दोन्ही पदार्थ एकत्र खलले की काळी कज्जली तयार होते. आजच्या भाषेत ती मर्क्युरिक सल्फाइड होय. म्हणजे घडणारी क्रिया वैद्यांना परिचित होती. पदार्थ मोजून-तोलून तिचा हिशोब मांडणे ही युरोपातील नव्या शास्त्राची देणगी होती. सरफोजींच्या अभ्यासिकेत हे दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी नांदत होते. आपले म्हणून जुने सर्व खरे आणि परके म्हणून नवे सर्व खोटे, असा आग्रह त्यांनी धरला नाही.

कुंभकोणमच्या घराघरांतील तांब्याच्या भांड्यांतही हेच शास्त्र दिसते. तांब्याचा हवेशी संयोग होऊन त्यावर काळपट थर चढतो. हा थर कॉपर ऑक्साइडचा असतो. चिंचेत आम्ल असते. चिंचेने भांडे घासले की आम्ल आणि ऑक्साइड यांच्यात अभिक्रिया होऊन क्षार व पाणी तयार होते, थर निघून जातो आणि भांडे पुन्हा लखलखते.

७. सरस्वती महाल

तंजावरच्या राजवाड्यातील ग्रंथालय नायक राजांच्या काळापासून अस्तित्वात होते. त्याला वैभव प्राप्त करून दिले ते सरफोजींनी. १८२० ते १८२२ या काळात ते मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेला गेले. यात्रेत त्यांनी दुर्मीळ हस्तलिखिते मिळवली आणि जी मिळू शकली नाहीत त्यांच्या नकला करवून घेतल्या. संस्कृत, तमिळ, तेलुगू हस्तलिखितांबरोबर तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आज या ग्रंथालयात आहेत. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन इत्यादी भाषांतील हजारो छापील ग्रंथही आहेत.

गुरूचा विसर त्यांना कधी पडला नाही. श्वार्ट्झ यांच्या स्मरणार्थ त्यांनी इंग्लंडमधील विख्यात शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. मृत्युशय्येवरील गुरूचा हात तरुण राजाने हाती घेतला आहे, असे दृश्य त्यात कोरलेले आहे. समाधीसाठी त्यांनी स्वतः इंग्रजी कविता रचली. राजांनी आपला धर्म सोडला नाही आणि गुरूविषयीची कृतज्ञताही सोडली नाही.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजी राजांचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजी यांचा १८५५ मध्ये मृत्यू झाला. त्यांना पुत्र नसल्याने कंपनीने उरलेसुरले संस्थानही खालसा केले आणि तंजावरची मराठी गादी संपली. ग्रंथालय मात्र टिकले. १९१८ साली ते जनतेसाठी खुले झाले आणि आज सरफोजींच्याच नावाने ओळखले जाते. कंपनीचे राज्य गेले, तहाचे कागद दप्तरात गेले. पण ज्या मुलाला एके काळी अक्षरांपासून दूर ठेवले होते, त्याने जमवलेले ग्रंथ वाचण्यासाठी देशोदेशींचे अभ्यासक आजही तंजावरला येत असतात.

पाठगत प्रश्न २
(अ) धन्वंतरी महालात कोणत्या वैद्यकपद्धतींचे जाणकार काम करीत?
(आ) मर्क्युरिक ऑक्साइड तयार होण्याच्या अभिक्रियेतील अभिक्रियाकारक कोणते?
(इ) सरस्वती महाल जनतेसाठी केव्हा खुला झाला?

शब्दार्थ

विद्याव्यासंगी – विद्येची आवड असणारा व सतत अभ्यास करणारा. दायित्व – जबाबदारी. पदच्युत – पदावरून दूर केलेला. होन – एक जुने सोन्याचे नाणे. छत्र – यात्रेकरूंसाठी भोजन व निवाऱ्याची धर्मार्थ जागा. खलणे – खलात घोटणे. लवाजमा – सोबतचा सरंजाम व माणसे. खालसा करणे – संस्थान सरकारी मुलखात सामील करणे.

तुम्ही काय शिकलात?

• सरफोजींचे शिक्षण उशिरा सुरू झाले, तरी चिकाटीने त्यांनी अनेक भाषा व शास्त्रे आत्मसात केली.
• राज्याचे अधिकार गमावल्यावर त्यांनी आपले द्रव्य व वेळ शिक्षण, आरोग्य आणि ग्रंथसंग्रह यांसाठी वेचला.
• भारतीय आणि युरोपीय अशा दोन्ही ज्ञानपरंपरांचा त्यांनी मोकळ्या मनाने अभ्यास केला.
• रासायनिक अभिक्रियेत पदार्थ बदलतात, परंतु एकूण वस्तुमान बदलत नाही. म्हणून समीकरणाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू समान असावे लागतात.

पाठान्त प्रश्न

१. सरफोजींना बालपणी शिक्षणापासून वंचित का ठेवले गेले? त्यांची त्यातून सुटका कशी झाली?
२. छत्रांतून लोकांना कोणकोणत्या सुविधा मिळत?
३. लाव्हाझिये यांच्या प्रयोगाचे तुमच्या शब्दांत वर्णन करा आणि त्याचे समीकरण लिहा.
४. अधिकार नसतानाही माणूस समाजासाठी काय करू शकतो, हे सरफोजींच्या जीवनाच्या आधारे दहा-बारा ओळींत लिहा.
५. उपक्रम : घरातील तांब्याचे काळपट भांडे अर्धे चिंचेने व अर्धे साध्या पाण्याने घासा. दोन्ही भागांतील फरक आणि त्याचे कारण वहीत नोंदवा.